बँडाना, रुमाल आणि आबांची चुंबळ

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि ऑफिसात मीटिंग चालू असताना म्यूट करून हे वाचणाऱ्यांना पण नमस्कार. मी केडगावहून बोलतोय. दरवेळी सांगावं लागतं म्हणून सांगतो, दौंडजवळचं रेल्वे स्टेशनवालं केडगाव नाही. नगरचं केडगाव, पुण्याहून नगरला येताना शहर सुरू होतं तिथलं, रेणुकामातेचं.

आजचा विषय एकदम साधा आहे. एक चौकोनी फडकं. पण त्याच्यामागे एक प्रसंग आहे, तो आधी सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री पुण्याहून घरी येत होतो. सुप्याच्या जरा अलीकडे एक बाइकवाला खडीवरून घसरला. मी थांबलो. पोरगा शुद्धीवर होता, पण कोपराखाली चांगलंच फाटलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. माझ्या बॅगेत काय होतं? लॅपटॉप, दोन चार्जर, पॉवर बँक, सॅनिटायझर, इअरबड्स आणि एक किचेन, ज्यात बाटली उघडायचं पातं पण आहे. रक्त दाबून धरायला काही नाही. मी नुसता १०८ लावून उभा. तेवढ्यात एक ट्रकवाले काका उतरले, गळ्यातला रुमाल काढला, झटकला, घडी केली, जखमेवर ठेवून घट्ट दाबला आणि पोराला म्हणाले, "हात वर धर. खाली सोडू नको." बास. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी दाब सोडला नाही. पुढे त्या पोराला टाके पडले, तो बरा आहे.

घरी आलो आणि मी काय केलं असेल? बरोबर. मोबाइल काढला आणि शोधलं. आजकाल ते रील्स असतात ना, रोज खिशात काय काय ठेवावं वगैरे. त्यात बँडानाचे वीस उपयोग, तीस उपयोग. लगेच ऑर्डर केला. तीन दिवसांनी पार्सल आलं, लाल रंगाचं, पांढरी नक्षी, बावीस इंची चौकोन. आईने उलटून-पालटून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर आबांचा रुमाल. एवढा बारका का?"

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या खांद्यावर जन्मभर एक रुमाल होता. आणि तो आता का नाही, याला थोडाफार मी जबाबदार आहे. ते शेवटी सांगतो.

नाव कुठून आलं?

'बँडाना' हा शब्द आपल्याकडचाच आहे. बांधणे, बांधणी, तोच हा शब्द. कापडाला बारीक बारीक गाठी बांधायच्या, रंगात बुडवायचं, गाठी सोडल्या की तिथे पांढरे ठिपके राहतात. अशा ठिपक्यांचे रेशमी रुमाल अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी बंगालमधून जहाजं भरून इंग्लंडला न्यायची. आणि तिकडे ते एवढे का खपले? तपकिरीमुळे! साहेब लोक तपकीर ओढायचे, मग शिंकायचे, मग नाक पुसायचे. पांढऱ्या रुमालावर ते तपकिरी डाग फार वाईट दिसायचे. गडद लाल, ठिपक्याठिपक्यांच्या रुमालात सगळं लपायचं. आपल्या आज्यांच्या कनवटीला तपकिरीची डबी असायची ना, त्यांना हे लगेच पटेल.

आता ती नक्षी बघा. थेंबासारखी, शेंडा वळलेली. आपण तिला कोयरी म्हणतो. जगात तिला 'पेझली' म्हणतात, कारण स्कॉटलंडमध्ये पेझली नावाचं गाव आहे, तिथल्या विणकरांनी काश्मिरी शालींची नक्कल करून ढिगाने माल काढला. म्हणजे नाव आपलं, नक्षी आपल्या बाजूची, आणि मी ते ऑनलाइन 'इम्पोर्टेड स्टाइल' म्हणून घेतलं. असो.

रुमालाचे रुमाल

'रुमाल' शब्द फारसी. रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारा. पण मराठीत आल्यावर या शब्दाने बरीच कामं अंगावर घेतली. डोक्याला गुंडाळायच्या कापडालाही रुमाल म्हणतात. मराठवाड्यात खिशातल्या छोट्या रुमालाला दस्ती म्हणतात, आणि रुमाल म्हटलं की डोक्याचाच. शिवाय उपरणं वेगळं, शेला वेगळा, पंचा वेगळा. पंचा म्हणजे पाच हात लांब, हिशोब नावातच आहे.

आणि एक अर्थ तर भारी आहे. पेशव्यांच्या दफ्तरात कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. चौकोनी कापड अंथरायचं, मधे मोडीतले कागद रचायचे, समोरासमोरची टोकं बांधायची. झाला एक रुमाल. आपल्या भाषेत फोल्डर म्हणा. १८१८ मध्ये पेशवाई गेली, दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं, आणि पुण्यात हे हजारो रुमाल अजून आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी ते सोडून, वाचून, निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात काढले. कापडच का? तर त्यातून हवा खेळते, धूळ आणि ऊन आत जात नाही, आणि गठ्ठा लहान असो की मोठा, गाठ तशी बसते. पेटीचं माप ठरलेलं असतं, कापडाचं नसतं.

आख्ख्या राज्याचे हिशोब, वतनं, तक्रारी, लढायांच्या बातम्या, हे सगळं ज्यात टिकलं ते चार टोकं असलेलं फडकं. शाळेत आपल्याला तलवारी शिकवल्या, रुमाल कुणी शिकवला नाही.

दुष्काळात एकच कापड

आता आबांकडे येतो. १९७२ च्या दुष्काळात आबा तेवीस वर्षांचे होते. नगर जिल्हा त्या दुष्काळात होरपळला. शेतात काही नाही, मग सगळे सरकारी कामावर. खडी फोडायची, माती टाकायची, रस्ते आणि तलाव करायचे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, आणि देशाचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये आला तेव्हा त्याच्यासमोर हेच उदाहरण होतं.

मी आबांना विचारलं, "तेव्हा रुमालाचं काय काय करायचात?" ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना प्रश्नच कळला नाही. मग एकेक निघायला लागलं. सकाळी भाकरी त्यातच बांधून न्यायची. जेवताना तेच अंथरायचं. ऊन चढलं की पाण्यात भिजवून डोक्याला. खडीची धूळ उडायला लागली की नाकातोंडाला. पाटी उचलताना चुंबळ. दुपारी झाडाखाली तेच उशाला. संध्याकाळी कामावर सुकडी मिळायची ती त्यातच बांधून घरी, पोरांसाठी. रात्री धुवून वाळत टाकायचं, कारण सकाळी परत तेच.

मी मनात मोजले. सात उपयोग. रीलवाल्याने वीस सांगितले होते, पण त्यातले अर्धे कॅम्पिंगचे होते.

इथे मला जे कळलं ते सांगतो, कारण आजच्या भागात सांगण्यासारखं तेच एक आहे. आपण म्हणतो, बघा किती मल्टिपर्पज वस्तू! पण आबांच्या रुमालाला सात उपयोग होते, कारण आबांकडे डबा नव्हता, छत्री नव्हती, मास्क नव्हता, पिशवी नव्हती आणि उशी नव्हती. एका कापडाने सगळं केलं, कारण दुसरं कापड नव्हतं. ती हुशारी होतीच, पण ती गरजेतून आलेली हुशारी. हे विसरून नुसते उपयोग मोजले तर अर्धी गोष्ट हरवते.

पाणी आणि नारू

आबांनी नंतर एक आठवा उपयोग सांगितला. पाणी गाळणं. विहिरीवर, बारवेवर पाणी प्यायचं तर रुमालाची घडी तोंडाशी धरूनच. का? तर नारूची भीती.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नारू हा शब्दच ऐकला नसेल, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. नारू म्हणजे एक जंत. पाण्यात एक डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव असतो, सायक्लॉप्स. त्याच्या पोटात नारूच्या अळ्या. ते पाणी प्यायलं की वर्षभराने पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, आणि तो काडीवर गुंडाळत गुंडाळत हळूहळू ओढून काढायचा. औषध नाही, लस नाही. पण सायक्लॉप्स कापडातून आरपार जात नाही! दुहेरी कापडाने पाणी गाळलं की संपलं. भारताने १९८४ मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ज्या राज्यांत नारू होता त्यात महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप बसवणं, आणि घरोघर जाऊन सांगणं की पाणी गाळून प्या. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

अशीच एक गोष्ट बांगलादेशची. रीटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने तिथल्या ६५ गावांत पाहणी केली. बायकांना सांगितलं, जुनी सुती साडी चार पदरी करून त्यातून पाणी गाळा. कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते जीव अडकले की बरेच जंतूही अडकतात. आणि जुनी साडी का? नव्या साडीपेक्षा जुनी जास्त चांगली, कारण धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात, पसरतात आणि छिद्रं बारीक होतात. म्हणजे आजीचं "जुनं धडपं फेकू नको" हे उगाच नव्हतं.

पण ट्रेकला जाणाऱ्यांनो, नीट ऐका. कापडाने गाळ आणि मोठे जीव अडकतात. सुटे जंतू आणि विषाणू अडकत नाहीत. गाळून झाल्यावर पाणी उकळायचं.

रक्त, धूळ आणि ऊन

सुप्याजवळच्या त्या काकांनी जे केलं त्याचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रीड्रिश फॉन एस्मार्क नावाचे जर्मन लष्करी सर्जन होते. त्यांनी त्रिकोणी पट्टी सैनिकांच्या हातात दिली, आणि त्यावर चित्रंच छापली. डोक्याला कशी बांधायची, हात गळ्यात कसा अडकवायचा, गुडघ्याला कशी. म्हणजे कापडावरच त्या कापडाचं मॅन्युअल. चौकोनी रुमाल कर्णावर दुमडला की तीच त्रिकोणी पट्टी. फक्त माझा बँडाना बावीस इंची, पायथागोरस लावला तर लांब बाजू एकतीस इंच भरते. मोठ्या माणसाचा हात गळ्यात अडकवायला ती कमी पडते. आबांचा रुमाल पुरतो. आईचं बरोबर होतं, हा बारकाच आहे.

रक्त थांबवताना एवढंच: स्वच्छ कापडाची घडी, थेट जखमेवर, घट्ट आणि सलग दाब. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. आणि १०८.

उन्हाचं म्हणाल तर नगरचं ऊन कोरडं. ओल्या कापडातलं पाणी उडतं, उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. माठाचं तंत्र. म्हणून ओला रुमाल मानेवर टाकला की इथे लगेच बरं वाटतं. मुंबईच्या दमट हवेत तो तेवढा चालत नाही, कारण पाणी उडतच नाही.

धुळीचं तुम्हाला माहीतच आहे. नेप्तीच्या कांदा बाजारात कधी जाऊन या. गोण्या भरणारे, पाल्याची धूळ उडवणारे, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. पुण्यात स्कूटीवरच्या पोरी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळतात, त्याची आपण चेष्टा करायचो. मग २०२० आलं. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने घरच्या घरी बँडाना दुमडून, रबर लावून मास्क कसा करायचा याची चित्रं काढली. त्याच महिन्यात आपले पंतप्रधान टीव्हीवर तोंडाला गमछा लावून दिसले. नंतर कळत गेलं की साधं कापड शिंतोडे अडवतं, बारीक कणांना फारसं अडवत नाही. म्हणजे रस्त्याच्या धुळीला ठीक, धुरात आणि केमिकलमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका.

१९२१: दोन कापडं

एक योगायोग मला फार आवडतो. १९२१ चा ऑगस्ट संपत आलाय. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात हजारो कोळसा खाणकामगार युनियनच्या हक्कासाठी मोर्चा घेऊन निघालेत, ब्लेअर माउंटनकडे. वेगवेगळ्या वंशांचे, वेगवेगळ्या देशांतून आलेले. आपला माणूस कोणता हे ओळखायचं कसं? सगळ्यांनी गळ्यात लाल बँडाना बांधला.

आणि त्यानंतर तीन-एक आठवड्यांत, २२ सप्टेंबर १९२१ ला, मदुराईत गांधीजींनी सदरा आणि टोपी सोडली आणि ते पंचावर आले. लोक म्हणत होते, खादी परवडत नाही. मग त्यांनी स्वतःच कापड कमी केलं.

दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण कष्टकऱ्याच्या अंगावरचं साधं कापड दोन्हीकडे लपवायची वस्तू राहिली नाही.

आपल्याकडे याचा धागा हमालांपर्यंत येतो. 'माथाडी' शब्द माहीत आहे ना? माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा. असंघटित कामगारासाठी देशात असं काही तोपर्यंत जवळजवळ नव्हतं. क्विंटलची गोणी नको, पन्नास किलोची करा, ही हमालांची जुनी मागणी. माणसाच्या मणक्याला किती झेपतं याची चर्चा जगातही तेव्हाच चालू होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली होती.

दुष्काळानंतर आबा गावाकडे शेतात परतलेच नाहीत. नगरच्या मार्केट यार्डात हमालीला लागले. गोणी पाठीवर घेताना रुमाल डोक्यावरून पाठीवर सोडायचा, म्हणजे गोणपाट घासत नाही. पाटी असेल तर चुंबळ. त्या हमालीवर माझे वडील शिकले, आणि वडिलांच्या नोकरीवर मी बीटेक झालो.

होस्टेलचा जिना

तर ती गोष्ट. कॉलेजचा पहिला दिवस. सोडायला वडील आणि आबा आले होते. माझी लोखंडी पेटी पुस्तकांनी भरलेली, होस्टेलचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी आणि वडील पेटी धरायला वाकतोय तोवर आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, पीळ दिला, हातावर दोन वेढे घेतले, टोक खोचलं, डोक्यावर ठेवला आणि पेटी उचलायला लागले. जिन्यात मुलं उभी होती, त्यांचे आईबाप उभे होते. ट्रॉली बॅगा होत्या सगळ्यांकडे. मी हळूच म्हणालो, "आबा, नका ना. लोक बघतात."

आबा काही बोलले नाहीत. रुमालाचा पीळ सोडला आणि तो खिशात घातला. पेटी मी आणि वडिलांनी धडपडत वर नेली. त्यानंतर माझ्या कुठल्याच कार्यक्रमाला आबांच्या खांद्यावर रुमाल दिसला नाही. हळूहळू घरातही दिसेनासा झाला. कुणी काही म्हणालं नाही. मी तर अजिबातच नाही, दहा वर्षं.

परवा हा भाग लिहिताना मी त्यांच्यापुढे बसलो. फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणालो, "आबा, चुंबळ कशी करायची ते दाखवा."

"कशाला? डोक्यावर काय न्यायचंय तुला?"

"काही नाही. शिकायचंय."

त्यांनी आतून रुमाल आणायला लावला. कपाटात तळाशी होता, स्वच्छ घडी घातलेला. हाताला सुरकुत्या आहेत, जरा थरथरतात पण. पीळ मात्र पहिल्या झटक्यात बसला. मला तीनदा सोडायला लावलं. मी केलेली चुंबळ एका बाजूला जाड होत होती. मग वीस लिटरचा पाण्याचा जार माझ्या डोक्यावर ठेवला, दोन्ही हातांनी धरून. ओझं एका जागी टोचत नाही, गोल पसरतं, आणि जार डगमगत नाही. फिजिक्स मला माहीत होतं, मान मात्र दुखली.

"खाली बघू नको," आबा म्हणाले. "पायाला वाट ठावं आसती."

अंगणातून पाच-सहा पावलं चाललो. जार उतरवला आणि मग म्हणालो, "आबा, त्या दिवशी होस्टेलवर मी तुम्हाला थांबवलं."

ते थोडा वेळ रुमाल झटकत राहिले. मग म्हणाले, "ती पेटी हलकी व्हती. म्या एका दमात नेली आसती." आणि रुमाल खांद्यावर टाकून चहा प्यायला आत गेले.

रेकॉर्डिंगमध्ये शेवटी नुसता कपबशीचा आवाज आहे, तो मी काढलेला नाही.

तर मंडळी, बॅगेत एक सुती कापड ठेवा. बँडाना असेल तर बँडाना, सोलापुरी टॉवेल असेल तर आणखी बरं. मोठं घ्या, धुऊन मऊ झालेलं घ्या, आणि आठवड्याला धुवा. आणि घरी जे कुणी म्हातारं माणूस असेल त्याला विचारा, तुम्ही या कापडाला काय म्हणायचात आणि त्याचं काय काय करायचात. दोन मिनिटांची व्हॉइस नोट करून मला पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू.

तोवर काळजी घ्या. गाडी हळू चालवा. भेटूया.